येलाराचा आडवा हात

नेव्हिल ट्रेझीझने बांधलेली गाठ सुटत नाही, हे येलारा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारण नेव्हिल ते स्वतःच सगळ्यांना सांगत असे!

त्या दिवशीही त्याने सांगितलं. क्रेनच्या पाळण्यात उभा राहून, सिग्नलच्या खांबाच्या टोकाशी, खाली जमलेल्या अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"आता वादळ येऊ दे, नाहीतर मंत्री येऊ दे! ही पिशवी हलायची नाही!"

खाली त्याची बायको व्हर्ना खिमा भरलेल्या पेस्ट्यांच्या ताटावरची माशी हाकत होती. ती शेजारणीला म्हणाली, "माझ्या साखरपुड्याच्या केकची दोरीही यानेच बांधली होती. केक उघडला तोवर पाहुणे घरी गेले होते."

सिग्नलवर पिशवी का, हे सांगायला हवं. रेल्वेला येलाराची लाइन नव्याने बांधायची होती. जुने तारांवर चालणारे सिग्नल काढायचे, सगळा कारभार शहरातल्या कंट्रोलमधून, पडद्यावर बघून चालवायचा. गाव म्हणालं, गाड्या वेगाने पळू द्या, पण आमची केबिन आणि तिच्यासमोरचा सिग्नल हलवायचा नाही. भांडण पुष्कळ चाललं. नेव्हिल त्या भांडणात सगळ्यांच्या पुढे. अठ्ठावीस वर्षं त्या केबिनमध्ये लिव्हर ओढून त्याचे खांदे बैलासारखे झाले होते, आणि तो हटायचाही बैलासारखाच, म्हणजे हटायचाच नाही. शेवटी जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा खात्याने इलारिया फोन्तेबास्सो नावाची एक बारीकशी, चष्मेवाली बाई पाठवली आणि गाव जिंकलं. सिग्नल जागेवर राहणार! फक्त काम करणार नाही.

इथेच घोळ झाला. सिग्नलची तार तोडली की त्याचा लाल हात, म्हणजे खांबाच्या टोकाची ती लांब पट्टी, आपसूक आडवा होतो. वजनच तसं लावलेलं असतं. हात खाली पडलेला असला तर जायचं, आणि आडवा दिसला की ड्रायव्हरने थांबायचं, मग सिग्नल चालू असो की बंद!

"त्यावर लाकडी फुली ठोका," रेल्वेवाले म्हणाले. "फुली असली की ड्रायव्हर समजतो, बंद आहे."

"ठोका?" इलारियाचा चेहरा असा झाला, की जणू कुणी तिच्या आजोबांच्या कपाळावर खिळा मारायचं म्हणत होतं. "संरक्षित खांबाला खिळा?"

"मग हात खाली पाडून बांधून टाका."

"त्यासाठी भोक पाडावं लागेल. भोक चालणार नाही."

बऱ्याच बैठका झाल्या. तोडगा निघाला तो असा, की ज्या सिग्नलसाठी गावाने एवढा जीव टाकला तो लोकांना दिसू नये म्हणून त्याला झाकायचं. इलारियाच्या खात्याने खास मऊ सुती पिशवी शिवून आणली. ती घातल्यावर सिग्नल दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसू लागला. पण होता तर खरा, आणि जागेवर!

समारंभ छान झाला. तार तोडण्यापूर्वी नेव्हिलने शेवटचं एकदा लिव्हर ओढला. बाहेर हात खाली पडला, मग पक्कडीने तार कापली, आणि हात धप्पकन आडवा झाला. तो आवाज नेव्हिलने इतक्या वेळा ऐकला होता की रोज तो त्याच्या कानांना जाणवतही नसे. आज जाणवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेव्हिलने नाक शिंकरलं आणि मग पाळण्यात चढून पिशवी बांधली. खाली आल्यावर कुणीतरी त्याच्या हातात बिअरचा ग्लास दिला. त्याने तो एका दमात संपवला. रडण्यापेक्षा ते बरं होतं.

उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला होता, त्यामुळे मंडळी भराभर पांगली. क्रेनही गेली. केबिनपाशी नेव्हिल, व्हर्ना आणि इलारिया तेवढे उरले. फलाटावर नव्या व्यवस्थेतली पहिली गाडी आली, माणसं चढली-उतरली, गाडी हलली.

आणि नेमका तेव्हाच वाऱ्याचा एक झपाटा आला!

पिशवी आधी फुगली. मग एका कुशीवर वळली. मग सिग्नलच्या हातावरून सदरा काढावा तशी निघाली आणि कुंपणापलीकडच्या मेंढ्यांकडे उडत गेली. गाठ मात्र सुटली नव्हती. गाठ दोरीसकट, पिशवीसकट, जशीच्या तशी गेली!

गाडीने ब्रेक लावले. केबिनसमोर येऊन ती उभी राहिली.

ड्रायव्हर टेव्हिटा, टोंगा बेटांवरचा पहाडासारखा गडी, त्याने खिडकीतून डोकं काढलं. "नेव्हिलकाका! तुमचा सिग्नल माझ्यावर का रुसला?"

"तो बंद आहे रे! जा तू!"

"आडवा दिसतोय. माझ्या पडद्यावर हिरवं आहे, डोळ्यांसमोर लाल आहे. दोन्ही असतील तर लाल मानायचं. हे मला तुम्हीच शिकवलंत."

नेव्हिल पुढचं ऐकायला थांबलाच नाही. तो जिना चढला, लिव्हर धरला आणि रोजच्यासारखं अंगातलं सगळं बळ लावून ओढला. पण पलीकडे आता तार कुठे होती? लिव्हर लोण्यातून सुरी यावी तसा आला आणि नेव्हिल पाठीवर आपटला! छताकडे बघत तो क्षणभर तसाच पडून राहिला. लागलं फारसं नव्हतं. पण अठ्ठावीस वर्षं ज्या लिव्हरने त्याला ओढ दिली होती त्याच्यात आता काहीच उरलं नव्हतं, हे त्याला पाठीवर पडूनच कळलं.

खाली टेव्हिटाने कंट्रोलला फोन लावला होता. ब्रॉनविन नावाच्या बाई बोलत होत्या. त्याने आवाज मोठा केला.

"येलाराला सिग्नल आडवा आहे, बाई."

"येलाराला माझ्या पडद्यावर सिग्नलच नाही."

"मी त्याच्याकडे बघतोय."

"मी पडद्याकडे बघतेय. नाहीये."

"मग जाऊ?"

"अजिबात नाही! तुम्हाला लाल दिसलंय ना? नंबर सांगा, मी तोंडी परवानगी देते."

"सात."

थोडा वेळ कळफलक वाजला. "सात नंबर अस्तित्वात नाही. जो नाही तो ओलांडायची परवानगी मी कशी देऊ?"

तोवर नेव्हिल कंबर धरून खाली आला होता. त्याने फोनमध्ये तोंड घातलं. "मी खांबाच्या बुडाशी वजन उचलून धरतो. हात खाली पडेल, गाडी जाईल!"

"म्हणजे तुम्ही तो चालू करणार? चालू सिग्नल माझ्या पडद्यावर नाही!"

"मग हिरवी झेंडी दाखवतो!"

"तुम्ही कोण?"

"नेव्हिल ट्रेझीझ. इथला सिग्नलमन. म्हणजे होतो, सकाळपर्यंत."

पुन्हा कळफलक. "तुमची निवृत्ती आज रात्री बाराला आहे. तुम्ही अजून कामावरच आहात!"

नेव्हिलची छाती फुगली. त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. व्हर्नाने त्याच्या पाठीवरची धूळ झटकली.

"फक्त एक विचारायचंय," ब्रॉनविनबाई म्हणाल्या. "आज मद्य घेतलंय का?"

सगळ्यांनी जिन्याच्या पायरीवरच्या रिकाम्या ग्लासाकडे बघितलं. वाऱ्याने तो लवंडून हलकेच गोल फिरत होता.

नेव्हिलला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "एक ग्लास."

"मग तुम्ही झेंडीला हात लावायचा नाही." बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "सॉरी, नेव्हिल."

त्याने ते सदऱ्याचं बटण पुन्हा काढलं. अठ्ठावीस वर्षांत नोकरीवर असताना त्याने थेंबभर घेतली नव्हती. आज घेतली, तीही नोकरी संपली असं वाटून!

इकडे गाडीत लोक उकडून निघत होते. मागच्या डब्याची खिडकी खाली झाली आणि काळी टोपी घातलेली एक म्हातारी डोकावली. ही मिसेस हॅलम, गावात सगळे तिला ओळखत.

"नेव्हिल, काय चाललंय रे? माझ्या बहिणीला आज मूठमाती द्यायचीय."

"होईल हो आता, मिसेस हॅलम!"

"तिला घाई नाही रे. मला आहे. माझ्याशिवाय तिचं तिथे कुणी नाही."

वारा तसाच सुटला होता. वर लाल हात आडवा, ताठ, नुकताच रंगवलेला. इतका सुरेख तो कधी दिसला नव्हता.

इलारियाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि टेव्हिटाला विचारलं, "हात नसेल आणि नुसता खांब असेल, तर?"

"तर तो खांब," टेव्हिटा म्हणाला. "खांबाला मी कशाला थांबू?"

ती नेव्हिलकडे वळली. "काढता येईल?"

"तू म्हणतेस हे?" नेव्हिल ओरडला. "खिळा चालत नव्हता तुला! भोक चालत नव्हतं!"

"आताही चालत नाही. पण नटबोल्ट सोडवला तर भोक पडत नाही." तिने वर खांबाकडे पाहिलं. "माझ्या जबाबदारीवर काढा. पण कोण चढणार? ती शिडी जुनी आहे, रेल्वेने बंद केलीय."

नेव्हिलने पाना घेतला.

"नेव्ह!" व्हर्ना म्हणाली. एवढंच म्हणाली. मग शिडी धरायला जाऊन उभी राहिली.

फोनमधून ब्रॉनविनबाई विचारत होत्या, "तिथे वर कुणी चढतंय का?"

"नाव विचारू नका, बाई," टेव्हिटा म्हणाला.

"नाही विचारत."

वर वारा असा होता की डोळ्यांत पाणी येत होतं. वारा नसता तरी आलंच असतं. नेव्हिलने पाना लावला आणि नट गंजलेला असावा अशी त्याने मनातून प्रार्थना केली. नट गंजला असता तर तो खाली उतरून म्हणू शकला असता, नाही निघत! पण नट गंजेल कसा? दर महिन्याला इथे चढून ग्रीस लावणारा माणूस तोच होता. पहिल्याच पिळात नट असा सुटला, जणू वाटच बघत होता. दुसरा सुटला, तिसरा सुटला. स्वतःच्या कामाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

टेव्हिटा खालून अर्धी शिडी चढून आला होता. नेव्हिलने सिग्नलचा हात त्याच्या हातांत सोडला.

"जड आहे, काका."

"सांभाळ. डोकं वर धर त्याचं."

सगळे जमिनीवर आले. टेव्हिटाने फोन उचलला.

"बोला," ब्रॉनविनबाई म्हणाल्या. "आता समोर काय दिसतंय?"

"खांब."

"खांब माझ्या पडद्यावर नाही." पुन्हा कळफलक. "पण खांबाबद्दल नियमही नाही. निघा!"

गाडी हलली. लोक खिडक्यांतून हात हलवत होते. मिसेस हॅलमने हलवला नाही. तिने नुसती टोपी सरळ केली आणि नेव्हिलकडे बघून मान लववली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला, नेहमी केबिनच्या खिडकीत उभा राहायचा तसा.

"माझी नोकरी जाणार बहुतेक," इलारिया म्हणाली.

"माझी बाराला जातेच आहे," नेव्हिल म्हणाला. "चल, एक टोक धर."

तिघांनी मिळून तो हात केबिनच्या जिन्यावरून वर नेला. जिन्यात तो एकदा अडकला आणि इलारिया चक्क शिवी हासडून गेली. व्हर्नाला ती तेव्हापासून आवडू लागली. वर भिंतीला टेकवून ठेवला तर इलारियाला पटेना. हे काय, झाडूसारखं! लोकांना दिसायला हवा. मग लाइनच्या बाजूच्या मोठ्या काचेपाशी दोन खुर्च्या मांडल्या आणि त्यांच्या पाठींवर हात नीट आडवा ठेवला. तिने मागे सरकून बघितलं, थोडा डावीकडे सरकवला, पुन्हा बघितलं.

"असं राहू दे," ती म्हणाली. "छान दिसतोय."

दिसत होताच. व्हर्नाने उरलेल्या पेस्ट्या उघडल्या. तिघं गार झालेल्या पेस्ट्या खात बसली. ऊन उतरलं. मावळतीचे किरण थेट काचेवर आले आणि तो लाल रंग असा पेटला की नेव्हिल खायचा थांबला. एवढा मोठा, एवढा जवळ, डोळ्यांच्या पातळीवर त्याने तो कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळची गाडी फलाटावरून सुटली. चाकांचा आवाज वाढू लागला, वाढू लागला, आणि मग केबिनच्या अगदी समोर कर्कश ब्रेक लागले.

कुणी हललं नाही. बाहेरून अनोळखी ड्रायव्हरचा आवाज आला.

"ओ केबिनवाले! तो काचेतला सिग्नल आडवा आहे! थांबायचं ना?"

नेव्हिलने इलारियाकडे पाहिलं. इलारियाने पेस्टीकडे पाहिलं. मग नेव्हिल उठला, त्याने दोन्ही हातांनी तो सिग्नल उचलला आणि कोपऱ्यात नेऊन, वर्गात दंगा केलेल्या मुलासारखा, भिंतीकडे तोंड करून उभा केला.

गाडी गेली.