‘बेका’चे तीन बाप

बढाई मारत नाही, पण ‘बेका’ या स्पॅनिश शब्दावर अख्ख्या सालामांका विद्यापीठात माझ्याइतकं कोणी लिहिलेलं नाही. सहाशे बारा पानांचा प्रबंध! आजची पोरं बेका म्हणजे शिष्यवृत्ती समजतात. पूर्वी तो विद्यार्थ्याच्या अंगावरचा पट्टा होता, वसतिगृहातली फुकट जागाही होती, आणि पोर्तुगालमध्ये अजूनही न्यायाधीश अंगात घालतात तो काळा झगा!

यातलं आधीचं कोणतं, यावरून तीन विद्वान एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. नेमके तेच माझे परीक्षक! ‘आधी पट्टा’ म्हणणारे लेआंद्रो सर, ‘आधी वसतिगृहातली फुकट जागा’ म्हणणाऱ्या ओब्दुलियाबाई आणि झग्यावर अडून बसलेले पोर्तुगालच्या कोइंब्राचे किंतेला. पीएचडी काय, मिळतेच. पण तिच्यावरचा खास गौरव हवा तर तिघांनीही बंद पाकिटात होकार द्यावा लागतो. गौरव नाही, तर कॉलेजातली नोकरी नाही!

म्हणून मी डोकं चालवलं. विद्वान माणूस प्रबंधात आधी स्वतःचं नाव शोधतो, मग थेट समारोप वाचतो. मी तीन प्रती काढल्या आणि तीन समारोप लिहिले. ज्याची प्रत, तिच्यात त्याचाच विजय!

बाइंडरने तिन्ही प्रतींना एकसारखं निळं कव्हर घातलं, आणि घाईत मी त्या उलटसुलट पाठवल्या.

तोंडी परीक्षेला लेआंद्रो सरांनीच सुरुवात केली. “सातुरियो, ओब्दुलियाबाईंचं मत निर्विवाद? अरे, निर्विवाद?”

“काहीतरीच! माझ्या प्रतीत किंतेला निर्विवाद आहेत!” बाई कडाडल्या.

“अहो, माझ्यात तर लेआंद्रो आहेत,” किंतेला म्हणाले. “आणा बघू इकडे.”

तीन डोकी एकत्र वाकली.

“सातुरियो, बाहेर बस जरा,” लेआंद्रो सर म्हणाले.

निर्णयाच्या वेळी उमेदवाराने बाहेर जायचं, ही रीतच आहे. आतून आधी आरडाओरडा ऐकू आला, मग चक्क हसणं. माझा जीव भांड्यात पडला!

पीएचडी मिळाली. मग रिवाजाप्रमाणे परीक्षकांना जेवण. भाजलेल्या डुकराच्या पिल्लावर तिघांनी आडवा हात मारला. लेआंद्रो सर कानाशी लागले, “माझा होकार आहे हो. त्या दोघांचं मात्र सांगता येत नाही.”

ओब्दुलियाबाईंनी पाठीवरून हात फिरवला. “पोरा, मी होकार टाकलाय. ते दोघे म्हणजे साप आहेत.”

किंतेलांनी तर मिठीच मारली. “माझं मत तुलाच! कोणाला बोलू नकोस.”

तीन होकार! मी उठून तिघांना आणखी एकेक तुकडा वाढला.

सोमवारी पाकिटं उघडली. तिन्हींत ‘नाही’. अक्षर तेवढं सुरेख होतं.