दुसऱ्या बाजूचा दांडा

मनोहरभाऊंना सिगारेट पेटवताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ती त्यांनी ओढली नाही. जीभ दातांत धरून तिचं पेटतं टोक नुकत्याच बसवलेल्या सनमायकावर टेकवलं आणि काळपट डाग पडेपर्यंत तसंच दाबून ठेवलं. मग फुंकर मारली, मागं सरकून मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाले, "जसं होतं तसं."

तो सनमायका मीच शोधून आणला होता, म्हणून माझं डोकं फिरलं. अकोल्यातलं एक जुनं लॉज पाडलं, त्याच्या काउंटरवरून तो मी तडकू न देता उतरवून घेतला होता. असा लाकडी रेघांचा चॉकलेटी रंग आता कोणी बनवत नाही. मनोहरभाऊंना मी मुद्दाम चढा भाव सांगितला, कारण समोरचा तो खाली आणणार हे धंद्यात धरलेलंच असतं. त्यांनी तेवढे पैसे काढून हातावर ठेवले. भाव न करणाऱ्या माणसाशी व्यवहार करण्यात काय मजा? त्या दिवशी मला फायदा झाला आणि जेवण गेलं नाही.

माझं अमरावतीत जुन्या सामानाचं दुकान आहे. नांदगाव खंडेश्वरहून सायकलवर आलो तेव्हा माझ्याकडे तोंडाशिवाय भांडवल नव्हतं, आजही धंदा तोंडावरच चालतो. मनोहरभाऊ माझ्या शेजारच्या गाळ्यात कूलरच्या मोटारी बांधतात. उन्हाळ्यात अर्धं गाव घाम पुसत त्यांच्या दारात उभं असतं. पाऊस पडला की त्यांना कोणी विचारत नाही, आणि तेही कोणाला विचारत नाहीत. मग ते त्यांच्या डब्याकडे वळतात.

डबा म्हणजे व्हिडिओ गेमचं मशीन. आजच्या पोरांना हा प्रकार ठाऊक नसेल. मोबाइल यायच्या आधी गावोगावी पार्लरं होती. कपाटाएवढा लाकडी डबा, त्यात टीव्हीची काच, खाली दांडे आणि बटनं. फटीतून रुपया टाकायचा आणि उभ्यानं खेळायचं. आईबापांच्या मते पोरं तिथंच बिघडत. मनोहरभाऊंचं असं पार्लर अकोल्यात होतं. ते बंद झाल्यावर हा एक डबा घेऊन ते अमरावतीला आले. पुढं कित्येक वर्षं त्यावर कूलरच्या गवताच्या जाळ्या रचलेल्या असायच्या. एका पावसाळ्यात छत गळलं, डब्याचा तळ फुगला, आणि तेव्हापासून त्यांनी तो दुरुस्तीला घेतला.

दुरुस्ती म्हणजे आपण काय समजतो? बिघडलेलं नीट करणं. मनोहरभाऊंचं उलटं. स्पीकर त्यांनी नवा आणला आणि ब्लेडनं त्याच्या पडद्याला चीर पाडली, कारण जुना खरखर करायचा. मधलं बटन दोनदा दाबल्याशिवाय लागायचं नाही, म्हणून नव्या बटनाची स्प्रिंग त्यांनी चिमट्यानं पिळून ढिली केली. मी त्यांना टीव्हीचा चपटा पडदा फुकट देत होतो. मी फुकट दिलेल्या वस्तू बोटांवर मोजता येतील, तरी त्यांनी तो घेतला नाही. पोट सुटलेली जुनी काचच पाहिजे म्हणून धामणगाव रेल्वेला एका बंद पडलेल्या टीव्ही दुकानातून ती मांडीवर घेऊन आले. फटीत जुना मोठा रुपयाच जातो. नवा, बारका रुपया टाकला तर आत घरंगळून खालून बाहेर येतो. ती फट तरी मोठी करून घ्या म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: "जसं होतं तसं."

मला हे बघायला आवडायचं, हे कबूल करतो. गिऱ्हाईक नसलं की मी स्टूल घेऊन त्यांच्या दारात बसायचो. माणूस चुका इतक्या मेहनतीनं का बनवतो, हे मला कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट मला झोपू देत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. नागपूरचा एक पोरगा कॅफे उघडत होता. त्याला अशा जुन्या वस्तूंची भूक होती, आणि भुकेलं गिऱ्हाईक रोज भेटत नाही. मी त्याला मनोहरभाऊंकडे आणला. पोरगा डब्याभोवती फिरला, डागावरून बोट फिरवलं, खूश झाला. मग दांड्यांपाशी थांबला. डबा दोघांनी खेळायचा. पहिल्या बाजूला दांडा डाव्या हाताला आणि बटनं उजव्या, सगळीकडे असतात तशी. दुसऱ्या बाजूला मात्र दांडा उजवीकडे आणि बटनं डावीकडे. पोरगा म्हणाला, काका, ही बाजू उलटी लागली आहे, तेवढी सरळ करून द्या, बाकी मला पसंत आहे. आतला मूळ बोर्ड नसला तरी चालेल, मी शंभर गेमवाला नवा टाकीन.

मनोहरभाऊ म्हणाले, "उलटी नाई. बरोबर हाय."

पोरानं समजावलं. मी समजावलं. पोराचं लक्ष नाही पाहून मी मनोहरभाऊंच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला आणि त्या पोराला शांतपणे सांगितलं की बाबू, तू चहा पिऊन जा, डबा विकायचा नाही. माझ्या गिऱ्हाइकासमोर! मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेठ, तुमी चिडता लवकर. पानी प्या." त्यानंतर मी कित्येक दिवस त्यांच्या दारात स्टूल नेलं नाही.

पण त्या पोराच्या तोंडून एक गोष्ट मला कळली होती: डबा पोकळ होता. गेम ज्याच्यात असतो तो बोर्डच त्यात नव्हता. म्हणजे काच, लाकूड, बटनं सगळं तयार, आणि आत जीव नाही. मी राग गिळून विचारलं तेव्हा मनोहरभाऊंनी मोटारीवर तार गुंडाळता गुंडाळता सांगितलं. पार्लर दोघा भावांचं होतं. धाकट्या सुधाकरला धंदा संपत आलेला दिसत होता, त्यानं तीनपैकी दोन मशिनी दादाला न विचारता विकून टाकल्या. भांडण पेटलं. नात्यातली माणसं वाटणी करायला बसली. पंखे, खुर्च्या, स्टॅबिलायझर वाटून झाले आणि हे एक मशीन उरलं. ते दुसऱ्याला जाऊ द्यायला दोघंही तयार होईनात. शेवटी मामानं स्क्रू-ड्रायव्हर मागवला. डबा थोरल्याला, बोर्ड धाकट्याला.

मी व्यवहारात पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, पण सतार एकाला आणि तारा दुसऱ्याला देणारा मामा मला नवीन होता. म्हटलं, मग आणा ना जाऊन बोर्ड. अकोला काय दिल्ली आहे? ते म्हणाले, "अजून वार्निशचा हात बाकी हाय." वार्निशचा हात बाकी हे मी दोन दिवाळ्या ऐकत होतो.

मी ठरवलं, बोर्ड आपणच आणायचा. उपकार म्हणून नाही. बोर्डासकट मशिनीला वेगळा भाव येतो, आणि नागपूरच्या पोराचा नंबर मी जपून ठेवला होता. एका हॉटेलच्या खुर्च्या बघायला अकोल्याला गेलो, तेव्हा सुधाकरचं दुकान हुडकून काढलं. झेरॉक्सचं बारकं दुकान, माझ्याच वयाचा माणूस. मी नेहमीसारखी सुरुवात केली: जुना बोर्ड, आता कशाला लागतो, भंगारातच जाणार, तरी मी घेऊन जातो. त्यानं विचारलं, "दादानं पाठवलं?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग विकायचा नाही.

मी भाव सांगितला. वाढवला. तो ऐकतच नव्हता. तोच मला विचारू लागला. डबा कोरडा आहे का? काच कोणती बसवली? खरखर येते का अजून? उत्तरं ऐकता ऐकता त्यानं आतून पत्र्याची पेटी आणली. बोर्ड दुपट्ट्यात बांधलेला, धुळीचा कण नाही. गाठ त्यानं डाव्या हातानं सोडली. कागद उचलले ते डाव्या हातानं, मला चहाचा कप दिला तोही डाव्या हातानं. आणि मला एकदम नागपूरचा पोरगा आठवला.

मी म्हटलं, "दुसरी बाजू त्यांनी उलटी ठेवली आहे. दांडा उजवीकडे."

सुधाकरनं दुपट्टा पुन्हा बोर्डाभोवती गुंडाळला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक शिव्या दे त्या बाजूपायी. मीच म्हनलं होतं, सरळ करून टाक. दादा म्हने, घरचा मानूस खेयते ना त्या बाजूनं. राहू दे."

बोर्ड मात्र त्यानं दिला नाही. ज्याले पायजे त्यानं याव, एवढंच म्हणाला. अमरावतीला येऊन मी मनोहरभाऊंना ते सांगितलं. तार गुंडाळणारा हात थांबला. "पेटीत ठेवला हाय?" त्यांनी विचारलं. दुपट्ट्यात बांधून, मी म्हटलं. त्यांनी तार पुन्हा हातात घेतली आणि म्हणाले, "मोठा मी हाय. त्यानं याव."

यानंतर मी जो सौदा केला तसा जन्मात केला नव्हता. फोनवर एक दादाचा हट्ट, दुसरा धाकट्याचा. आमच्या धंद्यात एकाला कमी द्यायचं असतं आणि दुसऱ्याला जास्त घ्यायचं असतं, म्हणून ओढाताण होते. इथं दोघांनाही द्यायचंच होतं, आणि दोघंही हटून बसले होते. आठवडाभरात माझा घसा बसला. शेवटी मी आमच्या धंद्याचं जुनं हत्यार काढलं: अर्ध्यावर तोडा. अमरावतीही नाही, अकोलाही नाही. मूर्तिजापूर. तिथल्या एका ढाबेवाल्याला मी टेबलं विकली होती, तो ओळखीचा. ना हा त्याच्या दारी गेला, ना तो ह्याच्या. दोघांनी दुसऱ्या दिवशी कळवलं, चालेल. दोघांच्याही आवाजात असा भाव होता की माझ्यावरच उपकार करून राहिले.

टेम्पोत डबा गादीवर आडवा ठेवला आणि मनोहरभाऊ सगळा रस्ता मागं त्याच्याजवळ बसून आले. सुधाकर एसटीनं आला, पेटी छातीशी धरून. मला वाटलं होतं गळ्यात पडतील, निदान रडतील. सुधाकरनं आधी भावाकडे पाहिलंच नाही. डब्यापाशी गेला, वाकला, सनमायकावरचा डाग पाहिला.

"एवढा वर नव्हता," तो म्हणाला.

"एवढाच होता," मनोहरभाऊ म्हणाले.

"दादा, सिगारेट माही होती."

"आन् चापट माही होती. मले पक्कं याद हाय."

इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. डाग दोन बोटं वर की खाली यावर ते इतका वेळ भांडले की ढाबेवाल्याला वाटलं, पोलीस बोलवावे लागतील. मी खाटेवर बसून चहा मागवला. सौदा बसला हे मला त्या भांडणावरूनच कळलं.

बोर्ड दोघांनी मिळून बसवला. एक बॅटरी धरत होता, दुसरा तारा जोडत होता. वायर ढाब्याच्या फ्रिजचा प्लग काढून लावली. पडद्यावर आधी आडव्या रेघा पळाल्या, मग रंग आले, मग तो चिरका, खरखरणारा आवाज. मनोहरभाऊंनी खिशातून दोन जुने मोठे रुपये काढले. गेम असा होता की दोन माणसं जोडीनं गुंडांना मारत गल्लीतून पुढं जातात. सुधाकरची डावी बोटं बटनांवर अशी पडली, जसा माणूस अंधारात आपल्या घराची कडी लावतो.

आणि मनोहरभाऊ? ज्या माणसानं या डब्यासाठी डोळे फोडले, तो पहिल्याच गल्लीत मेला. दांडा भलतीकडेच हलवत होते. मी न राहवून विचारलं, भाऊ, तुम्हाला खेळता येत नाही?

"मले कुठं येते," ते म्हणाले. "कधीच नाई आलं. हा खेये, मी बाजूले उभा राहो."

त्यांचा माणूस पडद्यावर केव्हाच मरून पडला होता, तरी त्यांनी हात दांड्यावरून काढला नाही. सुधाकर एकटाच पुढं पुढं जात होता, ओठ चावत, आणि मनोहरभाऊ त्याच्या प्रत्येक ठोशाबरोबर मान हलवत होते.

टेम्पोवाल्याला परत जायची घाई होती. त्यानं हॉर्न वाजवला आणि ओरडून विचारलं की डबा कुठं उतरवायचा, अमरावतीला की अकोल्याला. मनोहरभाऊंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"थांब ना बाप्पा," ते म्हणाले. "त्याचा डाव चालू हाय."