रोवेनाच्या अकरा उड्या

धप्प!

दुपारचे दोन वाजले होते. लागुना तळ्याकाठची ती वस्ती जेवून आडवी झाली होती. कोंबडे गप्प, समोरच्यांचं कराओके गप्प, टेबलफॅनसुद्धा मान वळवताना आवाज होणार नाही अशी काळजी घेत होता. तेवढ्यात मागच्या लाकडी जिन्याकडून हा आवाज आला आणि पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत घोरणाऱ्या पुरिंग आजींचा एक डोळा उघडला.

धप्प!

दुसराही उघडला. भांडं पडलं असतं, मांजर पडलं असतं, तर आजी कूस बदलून पुन्हा झोपल्या असत्या. पण ही तर जिन्यावरची उडी! ती बाईच्या जन्मात एकदाच मारायची असते. पहिली पाळी आली की तिसऱ्या पायरीवरून खाली उडी घ्यायची, म्हणजे पुढे जन्मभर पाळी तीन दिवसांत आटोपते. आजींनी मारली होती, आजींच्या आईनं मारली होती. आता या घरात उडी मारायची राहिलेली एकच. नऊ वर्षांची नात, चेस्का!

धप्प!

"अगं बाई माझे!" आजींनी छातीवर क्रूस काढला. "इतक्या लवकर?"

उठून चार पावलं मागे जाऊन बघितलं असतं, तर गोष्ट इथंच संपली असती. पण पोरगी लाजेल म्हणून आजींनी मोठ्या नाजूकपणानं तिकडे पाठ फिरवली, चपला शोधल्या आणि शेजारच्या आलिंग बेबांगला सांगायला निघाल्या. गुपचूप. तिला एकटीलाच.

उड्या मारत होती आजींची सून, रोवेना. वय वर्षं तेहतीस, नवरा जहाजावर, अंगात वस्तीच्या आरोग्यसेविकेचं निळं जाकीट. आणि आणखीही एक गोष्ट अंगात होती, जी बाहेर यायला तयार नव्हती.

झालं होतं असं. दोन आठवड्यांपूर्वी वस्तीच्या कचेरीत बैठक भरली होती. वस्तीची प्रमुख म्हणजे एक भारदस्त बाई, सगळे तिला कपिताना म्हणत. तिनं टेबलावर एक खोकं ठेवलं. "दर पुरात वापरलेली पॅडं तरंगत जातात आणि चर्चच्या पायरीला लागतात," ती म्हणाली. "फादर बिचारे काही बोलत नाहीत, पण प्रवचन अर्धा तास लांबवतात. बस झालं! हे पाळीचे कप आलेत. धुवायचे, उकळायचे, पुन्हा वापरायचे. वर्षानुवर्षं चालतात. बायकांना समजावून कोण सांगेल? स्वतः वापरलेलीच बाई हवी मला!"

शेजारी बसलेल्या दुसऱ्या आरोग्यसेविकेचं कोपर जरासं हललं. तेवढं पुरलं! रोवेनाचा हात छताला लागला.

"तू वापरतेस? कधीपासून?"

"तीन महिने झाले, कपिताना! इतकं सोपं! घालायला दोन मिनिटं, काढायला एक. आत आहे हेच विसरायला होतं!"

तोवर तिनं कप लांबूनसुद्धा पाहिला नव्हता.

रोवेना काही खोटारडी नव्हती. पुढची पाळी आली की हे खोटं खरं करून टाकायचं, असा तिचा प्रामाणिक बेत होता. आणि पाळी आली ती नेमकी बायकांना कप समजावून सांगायच्या सभेच्या दिवशी सकाळी! ही देवाचीच योजना, म्हणून तिनं मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली. कपितानानं सभेसाठी तिच्या घरी ठेवलेल्या खोक्यातून एक कप काढला आणि अकरा वाजता घातला. खरंच दोन मिनिटं लागली. तिनं स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून दोन गिरक्या घेतल्या. चार वाजता तीस बायकांपुढे जे बोलायचं, ते आता अनुभवाचे बोल असणार होते!

दीड वाजता तिला वाटलं, काढायचीही एकदा तालीम करून घ्यावी.

कप येईना. त्याची बारीकशी शेपटी बोटाला लागे, पण धरायला गेलं की ती आत सरके, पाहुणे आले की मागच्या खोलीत पळणाऱ्या नवऱ्यासारखी. रोवेना उकिडवी बसली, पाय वर करून बसली, बादलीवर एक पाय ठेवून उभी राहिली. शेवटी घाम पुसून तिनं खोक्यातलं पत्रक उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'घाबरू नका. शरीर सैल सोडा. थोडी हालचाल केल्यास कप खाली सरकतो. मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. ती म्हणजे'

म्हणजे काय? पुढे कागदच नव्हता! कुणीतरी कात्रीनं तो कापून नेला होता. अगदी नीट, गोलाकार.

मग राहिली हालचाल. रोवेनानं चौकातल्या बायका सकाळी करतात तसला नाच करून पाहिला. काही नाही. तेव्हा तिला जिना आठवला. तिसऱ्या पायरीवरून तीन उड्या झाल्या. मग ती पाचवीवर चढली. मग सातवीवर. अकराव्या उडीला गुडघा कट्‌कन वाजला. कप होता तिथंच. बहुधा झोपला होता.

ती लंगडत पुन्हा न्हाणीघरात शिरली, अर्धा तास झटली आणि हरून बाहेर आली. आता फोन करून आजारी आहे म्हणावं, असं ठरवून तिनं पुढच्या खोलीचा पडदा बाजूला केला.

खोलीत मुंगीला जागा नव्हती! सगळी गल्ली जमली होती. मध्ये परातभर पान्सितच्या शेवया वाफाळत होत्या आणि बायका तिच्याकडे अशा डोळ्यांनी बघत होत्या, जणू तिच्याच घरचं लग्नकार्य आहे. पुढच्या रांगेत खुद्द कपिताना!

'कळलं!' रोवेना पुन्हा पडद्याआड जायला लागली. 'सगळ्यांना कळलं!'

"रडू नकोस गं," आलिंग बेबांगनं तिचा हात धरला. ही गल्लीतली जुनी सुईण. अर्ध्या वस्तीचं पहिलं रडं तिच्याच हातात उमटलेलं. "हे काय जगावेगळं आहे? प्रत्येकीचं होतं."

"प्रत्येकीचं?" रोवेनाला एकदम हलकं वाटलं. "मला वाटलं माझ्याच घरी!"

"माझं तर शाळेत झालं होतं," कुणीतरी मागून म्हणालं. "भूगोलाच्या तासाला."

"शाळेत? मग? किती वेळ?"

"पाच दिवस."

"पाच दिवस!" रोवेना मटकन खाली बसली. "मग निघालं कसं?"

"निघालं कसं म्हणजे? आपोआप थांबलं."

"हल्ली फार लवकर होतं बाई," कपितानानं शेवयांची दुसरी बशी भरली. "ही बाजारातली कोंबडी खातात ना पोरी!"

"पोरी?" रोवेना म्हणाली.

इतक्यात दारातून चेस्का आली. एका हातात मिठात बुडवलेली हिरव्या आंब्याची फोड, दुसऱ्या हातात कागदी बाहुल्यांचं बुटाचं खोकं. आत पाऊल टाकते तोच वीस हात तिच्याकडे झेपावले.

"आंबट नको, आंबट नको! पोटात दुखेल!" फोड गेली.

"खाली बसू नकोस गार फरशीवर!"

"आणि तोंड धुतलंस का पहिल्या..." एका म्हातारीनं जुन्या पद्धतीनं तोंड कशानं धुवायचं ते सांगायला सुरुवात केली. ते इथं लिहिण्यासारखं नाही. चेस्काचा चेहरा बघूनच कळत होतं की ते तिनं ऐकलंय.

"लोला, मी काय केलं?" तिनं आजीकडे पाहिलं.

"काही नाही गं माझे बाय. मोठी झालीस तू! मी ऐकल्या ना तुझ्या उड्या जिन्यावरच्या. पण तीन कशाला मारल्यास, वेडे? एकच मारायची असते."

"मी नाही मारल्या!"

"लाजतेय," सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या आणि मायेनं हसल्या.

चेस्कानं खोकं पोटाशी आवळून धरलं.

आता रोवेनाला सगळं कळलं. आणि हेही कळलं, की ती सुटली आहे! कुणालाही काही ठाऊक नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. बायका शेवया खाऊन जातील, पोरीची समजूत रात्री घालता येईल, चारच्या सभेला ताप आला म्हणता येईल. तीन महिन्यांचं खोटं तीन महिन्यांचंच राहील, निळं जाकीटही अंगावर राहील. एक गप्प, की सगळं झाकलं.

चेस्का तिच्याचकडे बघत होती. नऊ वर्षांच्या मुली आईकडे बघतात तशी, म्हणजे आईला सगळं ठाऊक असतं अशा खात्रीनं.

"उड्या मी मारल्या! तीन नाही, अकरा!" रोवेना ओरडली.

खोलीतल्या सगळ्या बशा थांबल्या.

"तू?" आजी म्हणाल्या. "तेहतिसाव्या वर्षी? आता काय उपयोग?"

"नानाय," ती सासूकडे वळली, "कप अडकलाय! आत! अकरा वाजल्यापासून! पोरीचं काही नाही झालेलं. तिचा आंबा द्या तिला परत!"

शेवयांतलं एक लिंबू सांडून फरशीवर घरंगळत गेलं. कपितानानं बशी खाली ठेवली.

"रोवेना. तू तर तीन महिने वापरतेस ना?"

रोवेनानं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "चार तास, कपिताना."

"चार तास!"

"जेवणाची वेळ धरून."

तिला वाटलं होतं की आता जाकीट काढून द्यावं लागेल. पण बायकांना जाकिटाचं काय पडलं होतं! त्यांना कामच मिळालं. एकीनं सांगितलं नारळाचं तेल, दुसरीनं शिंक काढ म्हणून मिऱ्याची पूड आणली, तिसरी म्हणाली गाणं म्हण, वरचा सूर लावला की पोट दबतं. आलिंग बेबांगनं तर बाह्याच सरसावल्या.

"बाजूला व्हा सगळ्या! साडेतीन किलोचं पोर आडवं आलेलं काढलंय मी. ही काय एवढीशी वाटी!"

"आलिंग बेबांग, हात खाली! मी सांगते, हात खाली!" रोवेना खुर्चीमागे गेली.

"अगं, लाजतेस काय? चेस्काच्या वेळी कोण होतं?"

"तेव्हा मी शुद्धीवर नव्हते!"

खुर्चीभोवती दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत वाटेत चेस्का आली. आई संकटात आहे एवढं तिला कळलं होतं, आणि तिच्याजवळ होतं ते ती द्यायला आली होती. तिनं खोक्यातली सगळ्यात लाडकी बाहुली काढली. "ही घे. घाबरलं की मी हिला धरते. हिचा झगा नवा आहे."

रोवेनानं बाहुली घेतली. झगा घोळदार होता, गुलाबी खडूनं रंगवलेला. आणि गुलाबीखाली बारीक अक्षरं छापलेली होती!

'कप नुसता ओढू नये. बुडाशी चिमटीत धरून दाबा. आतली हवा सुटली की तो आपोआप सैल होतो.'

"अगं माझे बाहुले!" म्हणून रोवेना बाहुलीसकट न्हाणीघरात धावली.

बाहेर तीस बायका श्वास रोखून दाराकडे बघत राहिल्या. आतून कागद खसखसला. मग काहीच नाही. मग एक बारीकसा आवाज आला.

पुक्!

"निघाला?" आजी दाराला तोंड लावून ओरडल्या.

"निघाला!"

टाळ्या पडल्या! कुणीतरी रडलंसुद्धा. फक्त आलिंग बेबांगनं बाह्या खाली करताना आजकालच्या मुलींना धीर नाही असं काहीतरी पुटपुटून घेतलं.

कपितानानं चारची सभा रद्द केली. "आता आणखी काय सांगायचं राहिलंय?" ती म्हणाली. "तीन महिने वापरणारीनं हे सांगितलंच नसतं." मग जाता जाता रोवेनाच्या जाकिटाची कॉलर सारखी करून कानात म्हणाली, "पुन्हा खोटं बोललीस तर फादरच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत बसवीन. रोज." कपांचं खोकं तिथंच मध्ये आणलं. तेवीस बायकांनी कप नेले. प्रत्येकीनं आधी पत्रक खालपर्यंत उलगडून बघितलं, पूर्ण आहे ना म्हणून.

संध्याकाळी रोवेना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघ्याला बर्फ लावून बसली होती. चेस्का शेजारी परातीतल्या उरलेल्या शेवया खात होती. बाहुलीला तिनं आता वहीच्या पानाचा झगा घातला होता. जुना आईनं कपाटात कुलपात ठेवला होता.

"आई, मला खरंच होणार आहे ते?"

"होईल. अजून वेळ आहे."

"दुखतं?"

"थोडं. तेव्हा मी असेन ना."

चेस्कानं यावर दोन घास विचार केला. मग ती वाकून खाली बघायला लागली. तिसऱ्या पायरीवरून फरशी तिला बरीच खोल दिसत असावी.

"लोला म्हणते, एका बाईला एकच उडी लागते."

"हो."

"तू आज अकरा मारल्यास."

"हो गं बाई. लक्षात ठेवलंस वाटतं?"

"मग त्यातली एक," चेस्का आईच्या सुजलेल्या गुडघ्यावर हळूच बोट ठेवून म्हणाली, "माझ्या वाट्याची धरली, तर चालेल?"