रुमालाखालचा सल्ला

“चाचा, मला खरंच माहीत नाही,” वैदेहीने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि सादिक परकारांचा चेहरा आणखी उजळला.

रविवारची सकाळ होती. शेजारच्या ब्लॉकमधले सादिकचाचा, सकिनाचाची आणि नुकतीच दहावी पास झालेली त्यांची शायमा कोचावर ओळीने बसले होते. प्रश्न साधा होता. शायमाला अकरावीला कुठे घालायचं? सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उद्याचा, सोमवार. नेरूळमधली ही सोसायटी जेमतेम चार वर्षांची. कोणी परळहून आलेलं, कोणी उरणहून, कोणी साताऱ्याहून. विचारायला जुनं जाणतं माणूस नव्हतं. त्यात चौऱ्याण्णवच्या त्या जूनमध्ये वैदेही केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. फर्स्ट क्लास झाली, आणि सेक्रेटरी कमळाकर सुर्व्यांनी तिचं नाव रंगीत खडूने नोटीस बोर्डावर लिहिलं. तेव्हापासून केस का गळतात इथपासून फ्रीज कुठला घ्यावा इथपर्यंत सगळं तिलाच विचारलं जात होतं.

वैदेहीची पंचाईत अशी, की लॅबमध्ये तीन वर्षं तिच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती. रीडिंग घेतलं नसेल तर जर्नलमध्ये लिहायचं नाही. शायमाचं तिच्याजवळ एकच रीडिंग होतं, अडुसष्ट टक्के. एका आकड्यावरून ग्राफ कसा काढणार?

“तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे, चाचा. अंदाजाने कसं सांगू?”

“बघ,” चाचा बायकोला म्हणाले, “बोललो नवतो? हिला सगळं माहीत हाय.”

“अहो, नाही म्हणतेय ना ती!” पोह्यांच्या बशा घेऊन आलेली वैदेहीची आई चारुलता म्हणाली.

“भाभी, वीस वर्सं मार्केटात कांदा-बटाट्याचा गाळा चालवतोय. ज्याला भाव माहीत नसतो ना, तो ओरडून सांगतो. ज्याला पक्का माहीत, तो बोलतो, ‘काय माहीत नाय बाबा.’ आता माझा पुतन्या मुझम्मिल. विचारायच्या आधी बोलला, ‘कॉमर्स!’ तवाच मी समजलो, याला काय कळत नाय.”

“वैदू, सांगून टाक ना काहीतरी,” आई हळूच म्हणाली. “पोहे गार होतायत.”

“सगळ्यांसमोर नाय बोलायची ती,” चाचांनी आवाज खाली आणला. “सकिना, ओढनी टाक.”

वाशीच्या मार्केटात कित्येक सौदे तोंडाने होत नाहीत. दोघे रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबतात, आणि बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याला भाव कळत नाही. परक्या मुलीचा हात चाचा धरणार नव्हते, म्हणून ते काम चाचीकडे आलं. वैदेहीला काही समजायच्या आत तिचा हात ओढणीखाली गेला होता.

“एक बोट सायन्स, दोन कॉमर्स, तीन आर्ट्स,” चाची कुजबुजली. “बोलू नको गो. नुसतं दाब.”

“चाची, पण मला...”

नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वैदेही दचकली आणि तिने चाचीचा हात गच्च धरला.

चाचीचे डोळे मोठे झाले. “अगो बाय! पाच!”

“पाच?” चाचा ताडकन उभे राहिले.

“पाच?” दारातून आवाज आला. तिथे पेपर मागायला आलेले कमळाकर सुर्वे उभे होते.

दुपारपर्यंत बातमी चारही मजले फिरली. “तीन शाखा आपल्याला माहीत,” सुर्वे जिन्यात सांगत होते. “चौथी कुठली ते मला विचारू नका. पण पाचवी नवीन निघालीय. हिने परकारांना गुपचूप सांगितली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“काका, ती कुकरची शिट्टी होती!” वैदेहीने त्यांना गाठून सांगितलं.

“असू दे, असू दे. आमच्या जयप्रकाशचाही फॉर्म उद्याच आहे, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं.”

चार वाजता सुर्व्यांच्या सुमित्राबाई वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि पदर पसरून बसल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी दारात थांबलेल्या. वैदेहीने घाबरून दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“हातच लपवलास?” सुमित्राबाईंचे डोळे भरून आले. “एवढं वाईट आहे का गं आमच्या जयूचं?”

आता मात्र वैदेही तिथून उठली आणि थेट गच्चीवर पळाली. पाण्याच्या टाकीमागे शायमा बसली होती.

“तू इथे काय करतेस?”

“घरात पाचावर भांडन चाललंय, दीदी. अब्बा बोलतात, दोन आनि तीन पाच, म्हंजे कॉमर्स आनि आर्ट्स दोन्ही. अम्मी बोलते, पाच वक्तांची नमाज चुकवू नको, मग काय पन घे.”

वैदेही हसली, आणि हसता हसता थांबली. सकाळपासून एवढी चर्चा झाली, पण या मुलीला कोणी काही विचारलंच नव्हतं. वैदेहीनेसुद्धा.

“तुला काय शिकायचंय?”

शायमाने मान खाली घातली. “माहीत नाय.”

“खरंच माहीत नाही?”

“खरंच.”

वैदेहीला इतकं हायसं वाटलं, की ती तिच्या शेजारी मांडी घालून बसली. मग तिने हळूहळू रीडिंग घ्यायला सुरुवात केली. घरी काय करतेस? वेळ कशात जातो? बरंच आढेवेढे घेऊन शायमाने सांगितलं, की अब्बांच्या गाळ्यावरचे कोंब आलेले कांदे तिने तीन पेल्यांत ठेवलेत. एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या, एक कपाटात अंधारात. रोजची उंची ती पेन्सिलीने भिंतीवर लिहिते आणि अम्मीची बोलणी खाते.

“मिठातला कुजला. पन अंधारातला सगळ्यात उंच झाला, दीदी, आनि पिवळा पडला. पिवळा का तेवढं कळतं. उंच का?”

वैदेहीने विचार केला. “नीट माहीत नाही गं मला. शोधायला पाहिजे.”

शायमा तिच्याकडे बघतच राहिली. “सायन्समध्ये असं बोललेलं चालतं?”

“चालतं. मी फर्स्ट क्लास झाले तरी रोज बोलते.”

“मग मला सायन्सच पायजे,” शायमा म्हणाली.

खाली येताना वैदेहीने जिन्यात जयप्रकाशलाही तोच प्रश्न विचारला. त्याला पहिल्यापासून कॉमर्स हवं होतं, पण घरात कोणी विचारलंच नव्हतं. सुमित्राबाईंनी आनंदाने शिऱ्याची वाटी पुन्हा भरून दिली.

सोमवारी सकाळी वाशीच्या कॉलेजात खिडकीपुढे रांग होती. चाचांनी शायमाबरोबर वैदेहीलाही आणलं होतं. फॉर्म आत सरकवण्यापूर्वी चाचांनी तो एकदा धरून ठेवला.

“सायन्स. पोरगी स्वतः बोलली, मी खूश हाय. पन वैदेही, हे त्या पाचात बसतं ना?”

“मला माहीत नाही, चाचा.”

“बस! पक्कं झालं,” म्हणत चाचांनी फॉर्म सोडला.

शायमाने सुटकेचा निःश्वास टाकला. वैदेहीनेही. आता कोणी काही विचारणार नव्हतं, फक्त तिलाच एक गोष्ट विचारायची होती.

“सर, पहिली यादी कधी लागेल?”

“माहीत नाही,” खिडकीतले क्लार्क मान वर न करता म्हणाले.

चाचांनी वैदेहीकडे पाहिलं. वैदेहीने क्लार्ककडे पाहिलं. शिक्का मारणाऱ्या त्या शांत चेहऱ्यावर कसलाच गोंधळ दिसत नव्हता. या माणसाला यादीची तारीख पक्की माहीत होती.

तिने पर्समधून रुमाल काढला आणि चाचांच्या हातात दिला.

“चाचा, तुम्ही विचारा.”