भागाबाईंचे आजारी

माणूस माणसावर जळतो हे मी पुष्कळ पाहिलं आहे. देवीवर जळणारी बाई मात्र आयुष्यात एकच पाहिली. भागाबाई.

आमच्या दवाखान्यातून बरा होऊन निघालेला माणूस घरी जाण्याआधी गावदेवीला नारळ वाढवायचा. पिढ्यान् पिढ्यांची रीत. पण भागाबाईंना ती सोसत नसे. दवाखान्याच्या पायरीवर कमरेला पदर खोचून त्या उभ्या राहत आणि त्या बिचाऱ्याला हटकत, "कुठं चाललास? देवीला? व्हय का! देवीनं तुला एनिमा दिला व्हता काय रे? तुझ्या ओकाऱ्या कोणी काढल्या? देवीनं?"

माणूस ओशाळून म्हणे, "तसं न्हाय, बाय. देवीची किरपा..."

"किरपा तिची आन् भांडं माझ्या हातात!"

पुढं पुढं शहाणी माणसं दोन नारळ आणू लागली. एक देवीला आणि एक भागाबाईंना. तो त्या घेत मात्र नसत. "मला कशाला? मी काय देवी हाय?" असं म्हणून परत करत. पण मग संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज इतका मऊ येई, की खाटेवरचे आजारी एकमेकांना विचारत, "आज कोणाचा नारळ आला?"

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढच्या सालांतली. श्रीवर्धनच्या अलीकडे एका बंदराच्या गावी मुंबईच्या एका शेटजींनी आईच्या नावानं दवाखाना काढला होता. ओटीवर आठ खाटा, एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि नर्स म्हणून एकट्या भागाबाई. मूळच्या बोर्ली पंचतनकडच्या शेतकऱ्याची लेक. लहानपणीच विधवा झाल्या, मुंबईला गेल्या, एका इस्पितळात आया म्हणून लागल्या आणि तिथंच पुढं नर्सचं काम शिकल्या. नऊवारी लुगडं, वर पांढरा एप्रन, आणि चालताना दोन्ही हात असे हलत की वाटेतल्या माणसानं आपणहून बाजूला व्हावं. गाव त्यांना 'नरसबाय' म्हणे.

आठ खाटांना एक नर्स. खाटा भरल्या की खाली चटया पडत, पण नर्स एकच. बाळंतीण आडली की भागाबाईंना तिच्या घरी जावं लागे. मग इकडं दवाखान्यात कोणी पाणी मागितलं तर कंपाउंडरनं औषधाची बाटली खाली ठेवून पेला उचलायचा. वर्षातून एकदा शेटजींचे विश्वस्त पाहणीला येत. भागाबाई त्यांच्यापुढं उभ्या राहून म्हणत, "एक जीव हाय माझा. त्याचे तुकडे करून खाटंखाटंवर ठेवू काय? आणखी एक बाय द्या." विश्वस्त मान हलवत आणि पापलेट खाऊन परत जात. नर्स मिळायची कुठून? त्या काळी चांगल्या घरची म्हणवणारी माणसं आपल्या मुलीला या कामाला धाडत नसत. परक्याचं अंग पुसायचं, घाण काढायची! कोणी धाडलीच, तर ती मुंबई सोडून बंदरावर यायला तयार नसे.

मी तयार झाले. गिरगावातून, नुकतीच शिकून, वैशाखाच्या अखेरच्या एका बोटीनं. बोट खोल पाण्यात थांबे आणि होडीनं किनाऱ्याला यावं लागे. होडी टेकायच्या आत एक बाई गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि माझी ट्रंक उचलून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. "आलीस गो पोरी! किती वर्सं वाट पाहिली तुझी." त्या दिवशी त्यांनी मला स्वतः रांधून कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मला वाटलं, इथं मला माहेर मिळालं.

ते माहेर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं.

तिसऱ्या खाटेवर धर्मा होता. पोफळीवरून पडून त्याची मांडी मोडली होती. मी त्याची पाठ पुसली, पावडर लावली. तो सहज बोलून गेला, "नव्या बायचा हात लोण्यावानी हाय."

भागाबाई पलीकडं पेज गाळत होत्या. गाळणं तसंच हातात राहिलं.

"आन् माझा?"

"तुमचा बी चांगला हाय की, बाय."

"चांगला बी कसा? लोण्यावानी की कसा ते सांग."

धर्मानं छपराकडं पाहिलं. तेव्हापासून माझ्याकडं पट्ट्या गुंडाळायच्या, हत्यारं उकळायची आणि चादरी मोजायच्या. माणसाला हात लावायचा नाही. "हा माझा आजारी हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादा म्हातारा पाण्यासाठी कण्हला आणि मी पेला घेऊन निघाले, की मागून आवाज येई, "का? मी काय मेले?" डॉक्टरसाहेबही सुटत नसत. ते मोठे विद्वान गृहस्थ, पुण्याचे, पण नाडी पाहायला त्यांनी हात धरला की भागाबाई शेजारी अशा उभ्या राहत, जणू कोणी त्यांच्या घरातली वस्तू उचलून पाहतो आहे. आजाऱ्याच्या आईनं पोराच्या कपाळावर हात ठेवला तरी त्यांचा चेहरा उतरे.

धर्मा लबाड. त्यानं यातून आपला संसार उभा केला. मी दिसले की हळूच म्हणे, "धाकटे बाय, तुमच्या हातची पेज लई गोड." मी चोरून त्याला वाटी देई. मग भागाबाई आल्या की चेहरा पाडून म्हणे, "थोरले बाय, धाकटीनं पाजली, पन तुमची चव न्हाय." मग दुसरी वाटी, वर तुपाचा थेंब. मोडक्या मांडीचा हा माणूस दवाखान्यात गरगरीत झाला. गावात बोलवा झाली, 'दवाखान्यात दोन सवती नांदतात, चैन नवऱ्यांची.'

आणि खरं सांगते, मीही जळायला लागले होते. भागाबाई बाळंतपणाला कुठं गेल्या की अख्खी ओटी दाराकडं डोळे लावून बसे. मी उशी नीट केली तर म्हणत, "ऱ्हाऊ द्या बाय, ती आली की करंल." मी शिकलेली, मला प्रशस्तिपत्र, आणि माझी उशी कोणाला नको! मला वाटे, फार नाही, एक आजारी असावा. माझा एकटीचा. दारात मी दिसले की ज्याचा जीव हरखेल असा.

अखेर एक दिवस भागाबाई डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"तिला परत धाडा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, नर्स पाहिजे, नर्स पाहिजे म्हणून तुम्हीच माझं डोकं खाल्लंत ना?"

"मदतीला पायजे व्हती. वाटा घ्यायला न्हाय."

"बरं. पण आता आगोट संपली, पावसाळा लागला, बोटी बंद झाल्या. नारळी पौर्णिमा होईपर्यंत थांबा. का समुद्रात पोहत पाठवू तिला?"

अशी मी समुद्रामुळं राहिले. तिकडं खाडीपलीकडं विश्वस्तांचा दुसरा दवाखाना होता. तिथं नर्सच नव्हती. बोटी सुरू झाल्या की मी तिकडं जायचं, असं ठरलं.

आषाढाच्या आरंभी गावात विषमज्वर शिरला. त्या काळी त्याला औषध असं नव्हतंच. ताप आपल्या चालीनं चढायचा, आपल्या चालीनं उतरायचा. मधल्या आठवड्यांत माणूस जगवायचा तो शुश्रूषेनं. अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं, घोटाघोटानं पाजायचं आणि भ्रमात उठून पळणाऱ्याला धरून ठेवायचं. खाटा भरल्या, चटया भरल्या, धर्मासुद्धा कुबड्या घेऊन वारा घालू लागला. तरी भागाबाई माझ्या वाट्याला आजारी देईनात. एकीकडून पुसत जायच्या, शेवटच्यापर्यंत पोचेतो पहिला पुन्हा तापलेला.

मग एका दुपारी पेजेचं पातेलं त्यांच्या हातून पडलं आणि पाठोपाठ त्याही खाली बसल्या. मी कपाळाला हात लावला. चटका बसला.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर मान टाकली.

आता साऱ्या ओटीला नर्स म्हणून मी एकटी. डॉक्टरांनी कोटाच्या बाह्या दुमडून आयुष्यात पहिल्यांदा चमच्यानं पेज पाजली आणि निम्मी आजाऱ्याच्या कानात घातली. मला जे हवं होतं ते सगळं एकदम मिळालं. सगळे आजारी माझे. धावून धावून माझे पाय सुजले. तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं या बाई एकट्यानं काय ओढत होत्या. आणि एवढं ओढून घरी जाणारा माणूस नारळ देवळात नेतो, तेव्हा जीव का जळतो, तेही कळलं.

आजारी म्हणून भागाबाई भयंकर होत्या. पहिले काही दिवस भ्रमात सगळ्यांना हुकूम सोडत. शुद्ध आली तशी वेगळंच सुरू झालं.

"कुठं व्हतीस?"

"धर्माची पट्टी बदलत होते."

"माझ्या आधी?"

"तुम्ही झोपला होतात, भागाबाई."

"त्याचं हाड मोडलंय. हाड काय पळून जातंय?" मग भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या कोळणीजवळ बी लई वेळ बसतेस तू. बघते मी."

मी हसू दाबलं. साऱ्या ओटीत माझ्यावर हक्क सांगणारा आजारी शेवटी मला मिळाला होता.

एक दिवस मी कोमट पाण्यात फडकं पिळून त्यांचे पाय पुसत होते. टाचांना भेगा होत्या, त्यांत खोबरेल भरलं. बोटांच्या बेचक्या पुसल्या. पाहते तो भागाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानाशी चाललेलं.

"दुखतंय?"

त्यांनी मान हलवली. "मला कोणी कधी पुसलं न्हाय गो."

"लहानपणी आईनं पुसलं असेल की."

"आई मला जलम देतानाच गेली. लगीन झालं, त्यो पलेगात गेला. मग लोकांना पुसत आले." डोळे पुसत त्या म्हणाल्या, "असं असतंय व्हय? मला ठावं नव्हतं, आजाऱ्याला कसं वाटतंय ते."

मी दुसरा पाय घेतला.

गावातला ज्वर हळूहळू ओसरला. चटया गुंडाळल्या गेल्या. नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवळला आणि बंदरावर पहिली बोट लागल्याचा भोंगा ऐकू आला. भागाबाई तेव्हा उठून बसण्याइतक्या झाल्या होत्या. पण बसत नव्हत्या. सकाळी मी विचारलं की म्हणत, "अजून कणकण हाय."

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या काखेत थर्मामीटर लावलेला असतानाच डॉक्टर दारात आले.

"काय, उतरला का ताप? उतरला असेल तर तुम्ही सोमवारच्या बोटीनं निघा. तिकडं हाकाटी चालली आहे. पांघरूण तोकडं आहे बाई, डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात. पण करणार काय!"

मी थर्मामीटर काढून उजेडात धरला. तापाचा मागमूस नव्हता. भागाबाई छपराकडं पाहत होत्या, आणि त्यांच्या मुठीत माझ्या पदराचं टोक होतं. कधी धरलं होतं कोण जाणे.

"आहे अजून," मी म्हणाले. "थोडा आहे. यांना सोडून कशी जाऊ?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, भागाबाईंकडं पाहिलं. एवढे विद्वान गृहस्थ, पण थर्मामीटर मागायला हात पुढं केला नाही. "मग राहा," म्हणाले आणि गेले. पलीकडच्या दवाखान्याला कोणी मिळायला दिवाळी उजाडली, हेही खरं. मी मात्र पुढं बरीच वर्षं तिथंच होते.

डॉक्टरांची पावलं लांब गेल्यावर भागाबाई म्हणाल्या, "लबाड बोललीस."

"हो."

मूठ सुटली नाही.

"मग पानी आण," त्या म्हणाल्या, "पाय ऱ्हायलेत." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.