सभासद क्रमांक अकराशे सहा

रोज सकाळी नऊ वाजता वाचनालयातला संगणक सुरू झाला की रजिस्टरकाका सगळ्यात आधी आपल्या बायकोचं खातं उघडायचे. बायको जाऊन आठ महिने झाले होते.

रजिस्टरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अठ्ठावीस वर्षं सभासदांच्या नोंदी ठेवून ठेवून ते पडलं होतं. पुढे संगणक आला, कागदी रजिस्टरं माळ्यावर गेली, नाव मात्र खालीच राहिलं. नोंदीत खाडाखोड म्हणजे काकांच्या लेखी महापाप होतं. एकदा दुपारभर भरलेली माहिती वीज गेल्यामुळे पुसली गेली, तेव्हापासून कुठलंही खातं उघडलं की बंद करण्यापूर्वी ‘जतन करा’ दाबायचंच, अशी त्यांनी बोटाला सवय लावून घेतली होती.

बायकोचा सभासद क्रमांक अकराशे सहा. खात्याच्या कोपऱ्यात तिचा फोटो होता. घरी फोटो नव्हते असं नाही, पण त्या सगळ्यांत ती परक्या घरी आल्यासारखी अवघडून उभी होती. हा फोटो काकांनीच टेबलावरच्या कॅमेऱ्याने काढला होता. “मान सरळ ठेवा, हसू नका,” असं त्यांनी बायकोलाही इतर सभासदांसारखं अहोजाहो करून सांगितलं. त्यावर ‘घरी चला, मग बघते’ अशा नजरेने तिने जे पाहिलं, ते तसंच्या तसं त्या चौकोनात उतरलं होतं. फोटोखाली तिने वाचलेल्या चारशे बारा पुस्तकांची यादी होती आणि शेजारी काकांचे शेरे. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘पान ४१ वर चहाचा डाग. सभासदास समज दिली.’ समज दिली तेव्हा सभासद स्वयंपाकघरात होती, आणि समज ऐकून घेतल्यावर तिने काकांना दुसरा चहा दिला नव्हता.

वाचनालयाचा नियम असा, की सभासद वारल्यावर तीस दिवसांनी त्याचं खातं आपोआप बंद होतं. फोटो आणि यादी कायमची पुसली जाते. सभासदाच्या माहितीची प्रत कोणालाही काढता येत नाही, अगदी घरच्यांनासुद्धा. ही सूचना काकांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर चिकटवली होती. बायको गेली तेव्हा ग्रंथपाल बाई म्हणाल्या होत्या, मी भरते तारीख. काका म्हणाले, माझं काम आहे. आणि मृत्यू दिनांकाच्या चौकटीत त्यांनी चौदा मार्च भरला.

एकतिसाव्या दिवशी काका मनाची तयारी करून आले. बघतात तर खातं जागच्या जागी. त्यांनी चष्मा पुसून तारीख पाहिली. मृत्यू दिनांक, दहा एप्रिल. त्यांनी जतन करून पुन्हा उघडलं, तर अकरा एप्रिल. म्हणजे जतन केलं की तारीख एक दिवस पुढे सरकत होती, आणि तीस दिवस काही भरत नव्हते.

खरं तर त्यांनी ही चूक तिथल्या तिथे लेखी कळवायला हवी होती. दुसऱ्या कुणाच्या खात्यात दिसली असती तर दोन प्रतींत कळवली असती. पण मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे काका रोज नऊ वाजता मुकाट्याने जतन करू लागले. बायको गेली आहे हे त्यांना ठाऊक होतं. सवयीने दोन कप चहा करून त्यातला एक मोरीत ओतताना ते रोज नव्याने कळायचं. वाचनालयात मात्र ती नुकतीच गेल्यासारखी होती, आणि तेवढंच त्यांना पुरत होतं.

सोमवारी वाचनालय बंद असायचं, म्हणजे आठवड्याला एक दिवस हातचा जायचा. मध्ये तर काका तापाने बारा दिवस अंथरुणाला खिळले होते. परत आले तेव्हा खांद्यावरची पिशवीही न उतरवता त्यांनी खातं उघडलं. खातं होतं. हे कसं, असा हिशेब त्यांनी केला नाही. लोकांच्या दंडाचे दिवस बोटांवर मोजण्यात जन्म गेलेल्या या माणसाने हे दिवस मोजले नाहीत.

माशी शिंकली ती एका कादंबरीपायी. तिची एकच प्रत होती आणि पुढचा नंबर काकांच्या बायकोचा होता. खातं चालू तोवर नंबर चालू, असा संगणकाचा खाक्या, त्यामुळे ती कादंबरी आठ महिने बायकोच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात बसली होती. तिच्यामागे नंबर होता निवृत्त हेडमास्तरांचा. सहा वेळा तोंडी विचारून झाल्यावर त्यांनी अर्ज लिहिला आणि तो घेऊन थेट ग्रंथपाल बाईंच्या खोलीत शिरले. बाईंनी काकांना बोलावून घेतलं.

हेडमास्तर म्हणाले, “वहिनी मार्चमध्ये गेल्या. शोकसभेत मी स्वतः वीस मिनिटं बोललो. तुमचा संगणक म्हणतो, त्या गेल्या आठवड्यात गेल्या. मग मी बोललो ते कोणाबद्दल?”

काका खाली बघत उभे राहिले. हेडमास्तरांचा आवाज जरा उतरला. “तुमच्या दुःखाचा मला आदर आहे हो. पण मी एक्क्याऐंशीचा आहे. पुस्तक पाचशे पानांचं आहे.”

लेखी अर्ज आल्यावर बाईंचाही नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरवाला आला. बाईंच्या खोलीत बसून त्याने दहा मिनिटांत दुखणं शोधलं. संगणक मृत्यूची तारीख त्या दिवसाच्या शेवटच्या मिनिटाला धरतो. पडद्यावर दाखवताना त्यात चुकून काही तास मिळवले जातात, की लगेच दुसरा दिवस उजाडतो. नुसतं पाहून बंद केलं तर काही बिघडत नाही, जतन केलं तर तोच दुसरा दिवस पक्का होतो.

“चूक सगळ्याच खात्यांत आहे,” तो म्हणाला, “पण गेलेल्या माणसाचं खातं रोज उघडून जतन कोण करणार? हे बघा, या एकाच खात्यावर दोनशे एक्केचाळीस वेळा.” आणि तो एकटाच हसला.

काकांचे कान तापले. आता नाव निघणार होतं. अठ्ठावीस वर्षांत एक खाडाखोड नाही, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना हे.

“नोंदणीच्या टेबलावरून दोनशे एक वेळा,” सॉफ्टवेअरवाला वाचत होता. “आणि उरलेल्या चाळीस... ग्रंथपालांच्या खोलीतून. बहुतेक सगळे सोमवार.”

बाई शिक्क्याच्या शाईचा डबा उघडून पुन्हा बंद करत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “चूक दुरुस्त झाली?”

“झाली. आता खरी तारीख भरली की झालं. खातं लगेच बंद होईल.”

बाईंनी माऊस पुढे ओढला, पण काका म्हणाले, “माझं काम आहे.” खुर्चीत बसून त्यांनी चौदा मार्च भरला. बायको त्यांच्याकडे त्याच नजरेने बघत होती. त्यांनीही तिच्याकडे पुरेसं पाहून घेतलं आणि बटण दाबलं. फोटोच्या जागी बिनचेहऱ्याची करडी आकृती आली. यादीत एकही पुस्तक उरलं नाही.

सॉफ्टवेअरवाला निघून गेला. बाहेर ताटकळत बसलेल्या हेडमास्तरांना कादंबरी मिळाली. काहीतरी तक्रार करायला त्यांनी तोंड उघडलं, दारातून काकांकडे पाहिलं आणि पुस्तक काखेत मारून पायऱ्या उतरून गेले.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “सोमवारी तर सुट्टी असते.”

“किल्ली माझ्याकडेच असते,” बाई म्हणाल्या. “एप्रिलमध्ये बंद करायच्या खात्यांची यादी काढली, तेव्हाच लक्षात आलं होतं.”

“दोन बस बदलून यायचात?”

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या आजारपणात एक दिवस राहिला, काका. बहिणीकडे गेले होते, डोक्यातूनच गेलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, दोनदा दाबावं. पण ते खोटं झालं असतं.” त्यांनी खिडकीची कडी उगाच काढून पुन्हा लावली. “तो एक दिवस माझ्यामुळे गेला तिचा.”

एका दिवसाने काय होतंय, असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. पण एका दिवसाने काय होतं, हे त्या खोलीतल्या दोघांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आठ महिन्यांत काका पहिल्यांदा रडले, टेबलावर डोकं टेकून, अगदी हमसाहमशी. बाई उठल्या, ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी बाहेर लावून त्यांनी दार लोटून घेतलं. तेव्हा पावणेअकरा वाजले होते.