रिकाम्या हॉलचं गूढ

भिंगसाहेबांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: संशयित आणि भिंगसाहेब. स्वतःची ओळख करून देताना 'प्रशासन विभागप्रमुख' हे शब्द ते शिंकेसारखे उरकत आणि 'पण मूळ पिंड गुप्तहेराचा' हे शब्द विडा चघळल्यासारखे घोळवत. "माझा एक डोळा झोपतो तेव्हा दुसरा पहाऱ्यावर असतो," असं ते सांगत. दुपारच्या बैठकीत दोन्ही डोळे एकदमच रजेवर जात, ही माहिती त्यांचा मदतनीस बाहेर फुटू देत नसे. कारण मदतनीस त्यांचा सख्खा मेहुणा होता, चाळिशी गाठलेला होता, आणि नोकरीत अजून हंगामीच होता.

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर येत होतं. सोमवारपासून हजेरी, रजा, सामानाची मागणी, सगळं त्यावर, जुनं बंद. हे लोकांच्या कानावर वेळेत घालून त्यांना ट्रेनिंगला आणून बसवायचं काम मेहुण्याकडे होतं. संचालकबाईंनी त्याला स्पष्टच सांगितलं होतं, "हे नीट पार पाडा, कायम करते. नाहीतर मुदत संपली की नमस्कार."

मेहुण्याने आराखडा झकास केला. आधी हे बदल कशासाठी ते सांगायचं, मग कोणाच्या कामात काय फरक पडणार ते, मग आठवण. आणि प्रत्येक विभागाला ते त्यांच्यातल्याच माणसाने सांगायचं. भिंगसाहेबांनी ही शेवटची ओळ खोडली.

"जितकी तोंडं तितक्या अफवा! सगळं एकाच तोंडून जाईल. माझ्या."

तेव्हा मेल मेहुण्याने लिहिल्या आणि भिंगसाहेबांच्या नावाने गेल्या. वर भिंगसाहेबांनी स्वतःच्या हाताने फलकावर एक सूचनाही टाचली.

बुधवारी पहिलं ट्रेनिंग. हॉलमध्ये खुर्च्या होत्या, पडदा होता, शिकवणारा होता. ऐकायला चिटपाखरू नव्हतं. शिकवणाऱ्याने बराच वेळ घसा खाकरला आणि शेवटी मेहुण्यालाच रजा कशी टाकायची ते शिकवलं. ज्याला आपली कायमची रजा समोर दिसत होती, त्याला ते शिकणं जरा जड गेलं.

"घातपात!" भिंगसाहेब दारातूनच म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"भावजी, शुक्रवारचं ट्रेनिंग शेवटचं आहे. तेव्हाही असंच झालं तर..."

"ऑफिसात साहेब म्हण."

"साहेब, माझी नोकरी जाईल."

"वा! बळी मिळाला. आता फक्त गुन्हेगार."

तपास फलकापासून सुरू झाला. सूचना जिथल्या तिथे होती, हे भिंगसाहेबांना फारच संशयास्पद वाटलं. त्यांनी तिच्यावर टाल्कम पावडर शिंपडली, फुंकर मारली, आणि मेहुण्याच्या शिंका थांबेपर्यंत ठसे निरखले.

"सगळे ठसे माझेच आहेत," ते कुजबुजले. "पठ्ठ्या भलताच हुशार दिसतोय. माझी बोटं वापरली!"

मग चौकशी. हिशेब विभागाच्या बाई कामात बुडाल्या होत्या.

"ट्रेनिंगची मेल मिळाली?"

"कोणती मेल?"

भिंगसाहेबांनी मेहुण्याला कोपराने ढोसलं. संगणक दुरुस्त करणारा म्हणाला, "कोणती मेल?" स्वागतकक्षातल्या बाईही म्हणाल्या, "कोणती मेल?"

"तिघांच्या तोंडी तेच दोन शब्द, तोच भोळा चेहरा. पढवलेले साक्षीदार! टोळी आहे, टोळी."

"किंवा खरंच मेल दिसली नसेल."

"इतकं सोपं असतं तर माझी गरजच काय होती?"

गुरुवारी दुपारपर्यंत संशयितांत अर्धं ऑफिस, चहाचं मशीन आणि एक जुना टंकलेखक जमा झाले होते. टंकलेखक वारून बरीच वर्षं झाली होती. "म्हणून तर त्याच्यावर कोणी संशय घेत नाही," भिंगसाहेब म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मेहुणा स्टोअरमध्ये गेला. तिथल्या प्रमुख म्हणजे त्याची थोरली बहीण, अर्थात भिंगसाहेबांच्या सौभाग्यवती.

"ताई, माझं काही खरं नाही. ट्रेनिंगला कुत्रंही फिरकत नाही."

"कसलं ट्रेनिंग? मला कसं माहीत नाही?"

"मेलवर मेल पाठवल्या की!"

"कोणाच्या नावाने?"

"भावजींच्या."

ताईने डब्याचं झाकण खाली ठेवलं. "अरे शहाण्या! ह्यांच्या मेल कोण वाचतं? तू इथे लागायच्या आधी चहाचा चमचा हरवला होता. ह्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ तपासाचा वृत्तान्त पाठवला, सगळ्यांना. शेवटी हिशेबवाल्या बाईंनी शोधून काढलं, की ह्यांची मेल आली की परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये कशी घालायची. ते ट्रेनिंग बघायला हवं होतंस. मेल नाही, सूचना नाही, एका दुपारी अख्खं ऑफिस शिकलं."

"आणि तू? बायको असून?"

"मला तो वृत्तान्त घरी तोंडी मिळतो. एका कानाने ऐकते, दुसऱ्याने सोडते. दोनदा कशाला?"

मेहुणा मटकन खोक्यावर बसला. आपल्या मेल वाचणारा ऑफिसात एकच माणूस होता, आणि त्यानेच त्या लिहिल्या होत्या.

ताईने संगणक पुढे ओढला आणि स्वतःच्या नावाने लिहिलं: "उद्या अकराला हॉलमध्ये या. सोमवारपासून रजा आणि सामान नव्या सॉफ्टवेअरमधूनच मिळेल. न येणाऱ्यांनी नंतर माझ्या दारात रडत उभं राहू नये." मग भिंगसाहेबांनी खोडलेली ओळ मेहुण्याने अमलात आणली. हिशेब विभागाला हिशेबवाल्या बाईंनी सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या-त्यांच्यातल्या माणसाने.

शुक्रवारी हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. लोक भिंतीला टेकून शिकले. शेवटी संचालकबाई उठल्या. मेहुण्याला म्हणाल्या, "सोमवारी कायमची ऑर्डर घेऊन जा. पण मला सांगा, बुधवारी काय घडलं होतं?"

मेहुण्याने तोंड उघडलं. ताईने डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

"मी सांगतो," भिंगसाहेब छाती फुगवून पुढे आले. "मी मागावर आहे हे टोळीला कळलं. घाबरून सगळे हजर झाले. हे पाहा, सगळे संशयित इथेच बसलेत!"

संचालकबाईंनी सगळ्या संशयितांवरून नजर फिरवली. संशयित खाली पाहत होते. काहींचे खांदे हलत होते.

"याचा सविस्तर अहवाल व्हायला हवा," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "मला पाठवा. मेलनेच पाठवा. आणि प्रत सगळ्यांना टाका."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. अगदी मनापासून.